पेवावरची फरशी

३ फेब्रुवारी १९५८, उस्मानाबाद
सकाळी सोलापूरहून मोटारीनं येऊन पोचलो. भर बाजारपेठेतली करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या काळातली जकातीची, कचेरी दुरुस्त करून तिथं वाचनालय करायचंय. ओव्हरसियर म्हणून माझं हे पहिलंच स्वतंत्र काम. इमारत पाहून हसूच आलं. गच्चीवर पिंपळ, कमानीत कबुतरं आणि दारात एक म्हैस अशी ऐसपैस बसलेली, जणू जकात आता तीच घेणार. पण दगड खणखणीत आहे. मागच्या खोलीत खाट टाकली आणि आईला लिहिलं की तुझा मुलगा साहेब झाला.

९ फेब्रुवारी
वली मिस्त्री साठी ओलांडलेले. कानानं कमी ऐकतात, पण चुना नुसता बोटावर घेऊन सांगतात की अजून दोन दिवस मुरू द्या. त्यांची बायको ताहेराबी दुपारी भाकरी घेऊन येते, मलाही ठेचा देऊन जाते.
मधल्या दालनाखाली धान्याचं जुनं पेव निघालं. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. ओल वर चढू नये म्हणून आतून गिलावा करून तोंडावर फरशी बसवायचं ठरलं. मिस्त्रींचा एक रिवाज आहे. पेव बंद करण्याआधी ते सगळ्या गड्यांची नावं मोठ्यानं पुकारतात, आणि प्रत्येकानं 'हाय' म्हटल्याशिवाय फरशी बसत नाही. मी म्हटलं, ही तर शाळेतली हजेरी झाली! ते हसले नाहीत. पेवाला तोंड हाय, जबान न्हाय, एवढंच म्हणाले.

२० फेब्रुवारी
मोठ्या साहेबांचं पत्र. उद्घाटन उद्याच! पेवातला एक कोपरा अजून ओबडधोबड आहे. चारचौघांत मिस्त्रींवर ओरडलो, म्हातारपणी जमत नसेल तर घरी बसा. ते थापी पुसत राहिले. मागाहून वाईट वाटलं, पण माफी मागायला जीभ रेटली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सगळं लिहितो. कुठंतरी लिहायलाच हवं.
दुपारी जुम्म्याची नमाज. मिस्त्री एकही जुम्मा चुकवत नाहीत, तेव्हा ते मशिदीत असणार असं धरून चाललो. पेवातली शिडी तोरण बांधायला पुढं काढून नेली, तीही माझ्याच सांगण्यावरून. रस्त्यावर ताशेवाल्यांची तालीम चालली होती. गुंडप्पा गवंडी म्हणाला, नावं पुकारायची राहिलीत. मी म्हटलं, पुकारणाराच मशिदीत गेलाय, बसव फरशी. त्यानं बसवली.
चार वाजता साहेबांच्या भाषणात पायाखाली ठक् ठक् झालं. अगदी हलकं. मला लगेच कळलं. माझ्या बोलण्यापायी मिस्त्री नमाज सोडून कोपरा नीट करायला उतरले होते. मी उठलो. नेमके तेव्हाच साहेब माझं नाव घेऊन कौतुक करू लागले. मी जाजम त्या फरशीवर ओढलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.
साहेबांची गाडी हलली तोवर आवाज थांबला होता. मग मी फरशी उचललीच नाही.

२२ फेब्रुवारी
ताहेराबी आली. मिस्त्री तुळजापूरला कामावर गेले, असं मी सांगितलं. न सांगता कसे जातील, कपडे तर घरीच हायत, म्हणाली. भाकरी माझ्या टेबलावर ठेवून गेली. खोटं बोलल्याची लाज वाटते. भूक लागली म्हणून ती भाकरी खाल्ली, त्याची जास्त वाटते.

२५ फेब्रुवारी
भर दुपारी फरशीखालून आवाज. ठक् ठक् नव्हे. गिलाव्यावरून थापी फिरते तसा, सावकाश. गुंडप्पा म्हणतो, काही ऐकू येत नाही. पण तो त्या दालनात पाऊल टाकत नाही.

२७ फेब्रुवारी
दिवसभर थापी. आता माझ्या खाटेखालीसुद्धा. काम करतायत. मी म्हटलं म्हणून करतायत—
फरशीला तोंड लावून सांगितलं, मिस्त्री, कोपरा छान झाला, चुकलो मी, आता पुरे करा. थापी थांबली. मग पुन्हा—

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
ताहेराबी आलीये. फडक्यात भाकरी. दालनात बसलीये, नेमकी त्याच— मी वही उघडून लिहीत बसलोय, तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून.
तिनं विचारलं. आज सांगणारच होतो, देवाशपथ. तोंड उघडलं आणि— तुळजापूर. पुन्हा तेच.
थापी थांबली.
खाली ऐकतायत.
तिनं जाजम बाजूला सारलं. फरशीला कान लावलाय. मान हलवतेय. व्हय, व्हय, म्हणतेय—
आता माझ्याकडे बघतेय. रागानं नाही. राग असता तर—
म्हणतेय, साहेब, मिस्त्री सांगायलेत की नावं पुकारायची राहिलीत, आधी तुमचं घेतलंय, 'हाय' म्हणा—