नसलेली कॉपी

२ डिसेंबर, सोमवार
सकाळी पहूरहून अक्कांचा फोन. कॉम्प्युटर सुरू होत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आतून बीप-बीप-बीप. म्हटलं, रॅम असेल, उद्या येते.
"यादीचं काही होणार नाही ना गं? रविवारी एक बाई यायची आहे. कॉपी तर तुझ्याकडे आहेच म्हणा."
"आहे ना, अक्का."
नाहीये. दोन वर्षांपासून नाहीये. दर दिवाळीला मी त्यांचा कॉम्प्युटर साफ करून यादी पेन ड्राइव्हवर घेते, असं ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला लग्नाचा व्हिडिओ घाईने हवा होता, तर तोच पेन ड्राइव्ह पुसून दिला. म्हटलं, पुढच्या दिवाळीत परत घेऊ. पुढच्या दिवाळीत फराळाचं दिलं, चहा प्यायले, आले. याही दिवाळीत तेच. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, घेतलीस का? दोन्ही वेळा हो म्हटलं.
आज तिसऱ्यांदा.

३ डिसें., मंगळ.
पहिल्या गाडीने पहूर. अक्कांनी टेबल पुसून ठेवलं होतं, डॉक्टर येणार असल्यासारखं.
रॅम काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. बॅटरी मेलेली, घड्याळ २००२ दाखवत होतं. नवी घातली. सुरू झाला! अक्का शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. यादी उघडली. आईचं नाव, गाव, तारीख, वेळ, वजन, शेरा. रकाने मीच आखून दिले होते, पंधरा वर्षांपूर्वी. अक्का नर्स होत्या, त्यांनी केलेली चौतीस वर्षांची बाळंतपणं. अकरा वह्यांमधून त्यांनी एका बोटाने टाइप केली, दोन हिवाळे लागले. लोक अजून येतात, पोराची खरी वेळ विचारायला.
वह्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, काय करू. मी म्हटलं, "आता कशाला हव्यात? कॉम्प्युटरमध्ये आहे की." त्यांनी बंबात घातल्या.
वीस मिनिटं मशीन नीट चालू होतं. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. लावला असता तर अक्का म्हणाल्या असत्या, तुझ्याकडे आहे ना, मग परत कशाला? म्हणून लावला नाही. गप्पा मारत बसले.
विसाव्या मिनिटाला फट् झालं आणि बंद. पॉवर सप्लाय. जळका वास.
कॉम्प्युटरचा डबा घेऊन जळगावला आले. एसटीत मांडीवर. वीस मिनिटं. वीस!

५ डिसें., गुरु.
पॉवर सप्लाय काढून हिरवी-काळी वायर जोडून पाहिली. गेलेलाच. नवा लावला. बोर्डवर दोन कपॅसिटर फुगलेले, तेही बदलले. दुपारी बटण दाबलं. बोर्ड ठीक, स्क्रीन ठीक. हार्ड डिस्कमधून टक्. टक्. टक्.
टक् ऐकली की हात मागे घ्यायचा. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आतलं हेड तबकडीवर आपटत असतं, प्रत्येक वेळी थोडं खरवडतं.
परत चालू केला. वाटलं, एकदा, फक्त एकदा दिसू दे, यादीच्या फाइली तेवढ्या ओढून घेते, कुणाला कळणारही नाही.
आठ वेळा. पाचव्यांदा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं, रेडिओला ठोकतात तसं. आठव्यांदा टक् पण नाही.
हे कामावरून आले, म्हणाले, चेहरा का असा? म्हटलं, डोकं दुखतंय.

६ डिसें.
अक्का विहारात निघाल्या होत्या, पांढरी साडी, मेणबत्त्या आणायला थांबल्या तिथूनच फोन. "झाला का गं?"
"पार्ट मागवलाय, अक्का."
"सावकाश कर. तुझ्या हातात आहे म्हणजे चिंता नाही."
बाईच्या हातात स्क्रू ड्रायव्हर पाहून लोक हसत होते त्या काळात माझं पहिलं मशीन अक्कांनी घेतलं. साऱ्या पहूरला सांगायच्या, घ्यायचा तर मंगलाकडूनच घ्या. आजचं दिवसभर तेच डोक्यात.

८ डिसें., रवि.
लिहायला बसले पण कसं लिहू.
अकराच्या सुमारास दारात एक बाई. चाळिशीच्या आत-बाहेर. नाव रेखा. पहूरच्या पलीकडे मळ्यात राहते. अक्कांनीच पाठवलं: "मंगलाकडे कॉपी आहे, तिथं जा, ती काढून देईल."
पाणी दिलं. ती बसली नाही नीट, खुर्चीच्या कडेला टेकली.
अठरा वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण अक्कांनी केलं. भर दुपारी. तिला झटके आले, शुद्ध गेली. जाग आली तेव्हा सासूने सांगितलं, मेलेलंच जन्मलं. पुरलं पण होतं. नंतर दोन मुली झाल्या, ठीक आहेत. गेल्या महिन्यात सासू वारली. जायच्या आधी दोन दिवस बडबडत होती, "रडलं व्हतं, रडलं व्हतं."
"आता मले कोण सांगीन? अक्का म्हणतात, 'त्या दिवशी दोन बाया बाळंत झाल्या, मले पक्कं आठवत नाही, आठवणीवर असलं सांगणार नाही.' लिहिलेलं असीन तेच खरं. ते रडलं का नाही, एवढंच पाहायचंय, ताई."
सरकारी रजिस्टरात रडण्याबिडण्याचं नसतं. अक्का शेऱ्यात लिहायच्या.
मी काय म्हटलं? "आठ दिवसांनी या."
ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मान हलवली आणि गेली. जाताना पिशवी ठेवली, मळ्यातली वांगी. ह्यांनी संध्याकाळी ती भाजून भरीत केलं. मी ताटावरून उठले.

९ डिसें., सोम.
ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "धुळ्याला नानांकडे जा. आजच."
डिस्क रुमालात गुंडाळून गेले. नाना आता सत्तरीला आले. बंद पडलेल्या डिस्क उघडून वाचतात, या भागात तसे तेच. कानाला लावून हलवली, भिंगातून पाहिली.
"टकटक करे ना? कितला डाव चालू करी?"
"आठ."
नानांनी भिंग खाली ठेवलं. "पयली टकटक व्हयनी तवयच बंद करानं व्हतं. तू शिकेल शे ना, बाई?"
तशाच मॉडेलची दुसरी जुनी डिस्क मिळाली तर तिचं हेड काढून यात बसवतील. जमेल, नाही जमणार. उघडल्यावर कायमची पण जाऊ शकते. "बठ्ठं भेटी असं नही." म्हणजे सगळं मिळेलच असं नाही.
मी म्हटलं, करा, नाना.
"जेनी शे तिले सांगं का?"
मी खाली पाहिलं.
"मंग पयले तिले सांग. तवलोंग मी स्क्रूले हात लावाव नही."

११ डिसें., बुध.
सांगितलं.
अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी आधी बसले, मग उभी राहिले. क्रमाने सांगितलं. पेन ड्राइव्ह, लग्नाचा व्हिडिओ, दोन दिवाळ्या, फोनवरचं हो, टक्टक, आठ वेळा. काही गाळलं नाही. त्या निवडतच होत्या. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.
मग म्हणाल्या, "त्या मंगळवारी वीस मिनिटं चालू होता. तेव्हा काहून नाही घेतली?"
"तुम्ही शेजारी होतात."
"म्हणजे माझ्या डोळ्यादेखत."
मी माफ करा म्हटलं. त्यांनी दुसरी जुडी सोडली. ती निवडून झाल्यावर:
"अवघड बाळंतपण असलं की मी बाईला तोंडावर सांगायची, मला जमणार नाही, जळगावला न्या. कमीपणा वाटायचा. पण बाई जगायची. तुले एक फोन करता आला नाही?"
चहा नाही केला त्यांनी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. डिस्क उघडायला हो म्हणाल्या. निघताना मागून आवाज, "रेखाला तू सांगायचं. मी नाही सांगणार."
गाडीत रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तेही बरं नाही वाटलं.

१३ डिसें., शुक्र.
रेखाचा मळा. कपाशी वेचत होती. मला पाहून कमरेची झोळी सोडली, बांधावर आली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सांगा ताई. मी तयार आहे."
मला कळेना. म्हटलं, कशाला तयार?
"तुम्ही आठ दिवस म्हटलं ना, तेव्हाच समजली मी. तुम्ही वाचलंय, पण तोंडावर सांगून नाही ऱ्हायल्या. रडलंच असीन ते. मेलं असतं तर तुम्ही तिथंच सांगून मोकळं केलं असतं."
पाच दिवस ती हे घेऊन जगते आहे. माझ्या एका वाक्यावरून. नवऱ्याला बोलली, मेलेल्या सासूला शिव्या दिल्या, मोठ्या मुलीला सांगितलं की तुला भाऊ होता, जिवंत.
मी सांगितलं की मी काहीच वाचलेलं नाही. माझ्याकडे कॉपीच नव्हती. खोटं बोलले.
ती बांधावर बसली. पदराने नाही, हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसलं, कापूस चिकटला. "म्हणजे रडलं नाही?"
"ते पण माहीत नाही, रेखाताई. रडलं का नाही, काहीच माहीत नाही."
"मग आता मी काय धरू?"
शेजारी बसायचा धीर झाला नाही, उभीच राहिले. तिने उठून परत झोळी बांधली. मीही वेचू लागले. ती नको म्हणाली नाही, ये पण म्हणाली नाही. दोन ओळी झाल्या. मग गाडीची वेळ.

१८ डिसें., बुध.
नानांचा फोन. दोंडाईचाच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या अडगळीतून तशीच डिस्क मिळाली. उद्या बसतील कामाला. रेखाला कळवलं. "बरं" म्हणाली. अक्कांना कळवलं, त्यांनी ऐकून फोन ठेवला.
दुकानात आज तीन गिऱ्हाइकांना विचारलं, तुमची कॉपी कुठे आहे? एकाने उलट विचारलं, तुमच्याकडेच ना? मी म्हटलं, नाही. माझ्याकडे नाही. आत्ता घरी जाऊन घ्या. तो रागावला. रागावू दे.

२१ डिसें., शनि.
नानांनी हेड बदललं. डिस्क फिरली. दोन दिवसांत थोडं थोडं करून ओढलं, मग परत अडकली, आता कायमची. काही फाइली आल्या, काही अर्ध्या, काही नुसतंच नाव. यादी वर्षावार होती, दर वर्षाची वेगळी फाइल. १९९८ नाही. २०११ नाही. अजून बरीच नाहीत. त्या वर्षांच्या बाया, त्यांची पोरं. अक्कांच्या चौतीस वर्षांतली किती वर्षं माझ्यामुळे गेली, मोजायला घेतलं आणि थांबले.
"आनि २००६?" मी नानांना त्यांच्याच बोलीत विचारलं. रेखाच्या बाळंतपणाचं वर्ष.
"निंघनी शे. पुरी का अर्धी ते मालूम नही. मी उघाडी नही. जेनं शे तीच उघाडी."
अक्कांना फोन केला. या वेळी एक शब्द कमी-जास्त न करता सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी धुळ्याला जाऊ. रेखाला घेऊन मी जळगावला येते. तू पण चल. तिथं बसायचं, पळायचं नाही."

२३ डिसें., सोम.
पारोळ्याला गाडी थांबली आहे, ड्रायव्हर चहाला उतरलाय, म्हणून लिहिते. पुढे हलेल तेव्हा अक्षर बिघडेल.
अक्का आणि रेखा पुढच्या सीटवर. मी मागे. अक्कांनी सकाळी स्टँडवर माझ्याकडे पाहून फक्त "जेवलीस का" विचारलं. हो म्हटलं, मग म्हटलं, नाही, खोटं, नाही जेवले. त्यांनी पिशवीतून भाकरी काढून दिली.
आत्ता रेखा वळली. "ताई, ते उघडल्यावर आधी काय दिसतं?"
"तुमचं नाव. आईचं नाव पहिल्या रकान्यात आहे."
"आणि रडल्याचं?"
"शेवटच्या. नाव, गाव, तारीख, वेळ, वजन, मग शेरा."
तिने बोटांवर मोजलं. सहा. म्हणाली, "पाचव्यावर थांबाल का जरा? वजन वाचा आणि थांबा. मी सांगीन तेव्हा पुढचं."
म्हटलं, थांबेन.
फाइल अर्धी असली तर पाचव्यापर्यंत तरी येईल का, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायला हवं. ड्रायव्हर परत येतोय. धुळ्यापर्यंत एक तास आहे, आधी तिला हे सांगते.