सोमवारचा पंजाबी ड्रेस

प्रिय सबिहा,

कासीमभाईंचे गुडघे आता कसे आहेत? ईदला आपण फोनवर बोलतो, एकमेकींच्या गोळ्यांची नावं सांगतो आणि ठेवून देतो. आजचं फोनवर मला जमलं नसतं, म्हणून कागद घेतला.

या एकतीस तारखेला मी निवृत्त होतेय. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत सहा वर्षं बसले, त्यातली निम्मी पोरींच्या कपड्यांत गेली असं वाटतं. आपण नोकरीला लागलो तेव्हा निळा स्कर्ट आणि लाल रिबिनी होत्या; गुडघा दिसला की छडी. मग सलवार-कमीज आला, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. पुढे ओढणी जाऊन जाकीट आलं, आता शनिवारी ट्रॅकपँट असते. दर वेळी पालकसभेत तीच भांडणं. कुणाला आखूड वाटतं, कुणाला महाग, कुणाला नुसतंच नको असतं. हल्ली मी ऐकतही नाही, मान हलवते.

त्र्याण्णव सालचा तो सोमवार तू विसरली नसशील. खो-खो शिकवताना साडीत पाय अडकून तू पडलीस, मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर स्टाफरूममध्ये तूच म्हणालीस, "सोमवारी चौघी पंजाबी ड्रेस घालून येऊ. चौघींना काढतात की काय!" आपण मिळून कापड आणलं, शिवून घेतलं. माझा मोरपंखी होता. सोमवारी प्रार्थनेला ड्रेसमध्ये तू एकटीच उभी होतीस. आम्ही तिघी साडीत. शिपाईण निंगव्वा सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, तुमी एकट्याच व्हय?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी रांगेतल्या पोरींच्या रिबिनी नीट करायला लागले.

महिन्याभरात संस्थेने तुझी बदली दुधनीच्या शाळेत केली. त्या सोमवारी सासूबाई दारात आडव्या आल्या, असं मी तुला सांगितलं. तू लगेच मानलंस, उलट माझीच समजूत काढलीस. सबिहा, सासूबाई त्या दिवशी अक्कलकोटला गेल्या होत्या. घरात कुणीच नव्हतं. मी ड्रेस घातला, आरशात पाहिलं, नोकरी अजून पक्की झालेली नाही हे आठवलं आणि काढून ठेवला. चार वर्षांनी संस्थेने गुपचूप परवानगी दिली, तेव्हा तो ड्रेस घालून शाळेत गेलेली पहिली बाई मीच.

आमच्याकडे बुद्धप्रिया म्हणून खेळाची नवी शिक्षिका आहे. पोरगी राज्यपातळीवर खो-खो खेळलेली. गेल्या महिन्यात संस्थेचा नियम आला, शिक्षिकांनी साडी नेसावी किंवा ओढणीसकट चुडीदार घालावा. ती मैदानावर ट्रॅकपँटमध्येच राहिली. तिला मेमो द्या, असं मला सांगण्यात आलं. मी तिला बोलावून म्हटलं, "अगं, चार दिवस घाल की चुडीदार. मी गेल्यावर काय करायचं ते कर." ती म्हणाली, "मॅडम, पोरी ट्रॅकपँटमध्ये पळणार आणि मी ओढणी सांभाळत शिट्टी वाजवू?"

मेमोवर मी सही केली नाही. संस्थेत जाऊन तसं सांगितलं. धाडस केलं असं समजू नकोस. वीस दिवस उरलेल्या बाईचं कोण काय वाकडं करणार? सचिव हसून म्हणाले, "असू दे मॅडम, तुम्ही दमलात." सही उपमुख्याध्यापकांनी केली. मी खरंच दमले होते, रिक्षा करून घरी आले.

काल तिच्या बदलीचा आदेश आला. तुझ्याच दुधनीला. एक तारखेला हजर व्हायचंय. तिथे तिच्या ओळखीचं कुणी नाही, कानडी येत नाही, सोबत म्हातारी आई आहे. हे पत्र मी तिच्याच हाती देतेय, न चिकटवता. तिने वाचलं तरी चालेल. तुमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या असतील तर तिला दे, नसतील तर जवळपास बघ. माझ्याबद्दल काय वाटतं ते सावकाश लिही, नाही लिहिलंस तरी मी समजेन. पण त्या दोघी सामान घेऊन दारात उभ्या असतील, त्यांना आधी आत घे.

तुझीच,
गिरिजा