मुदत संपायच्या आत

४ फेब्रुवारी

बिल्डरचा फोन! चक्क स्वतःहून! "ताई, भिंतीची काळजी करू नका. एप्रिलमध्ये माणसं पाठवतो, भेग शोधून सापडणार नाही तुम्हाला." आणि हसला. हसऱ्या हे नाव मी त्याला उगाच नाही ठेवलेलं. माझं पाळणाघर बांधून दिलं तेव्हा हसत होता, मुलांच्या झोपायच्या खोलीची भिंत तडकली तेव्हाही हसला. गेलं वर्षभर त्याची माणसं येतात, भेगेत सिमेंट भरतात, जातात. भेग पुन्हा उघडते. शेजारी आणखी एक येते.

एप्रिलच का, आत्ता का नाही, विचारलं. हसला.

९ फेब्रुवारी

मुलांना नवा खेळ सापडलाय. झोपायच्या खोलीत दाराशी चेंडू ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. चेंडू आपला आपण निघतो आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. टाळ्या! मीही वाजवल्या. मग मुलांना सांभाळणाऱ्या मावशी कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, मागच्या वर्षी चेंडू जागेवर राहायचा."

मुलं गेल्यावर मी एकटीने पुन्हा ठेवून पाहिला. जमीन खचतेय.

१२ फेब्रुवारी

छताच्या गिलाव्याचा मोठा तुकडा पडला. जुळ्यांच्या गादीवर. मुलं अंगणात होती म्हणून — पुढचं लिहवत नाही.

मावशी रडल्या. मला रडू नाही आलं, राग आला. खोलीला कुलूप लावलं. पालकांना बोलावून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. काहींनी मुलं काढून घेतली. मीही काढून घेतली असती.

हसऱ्याला फोन केला. "गिलावाच ना ताई? स्लॅब थोडाच पडलाय!"

थांब तू.

१६ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेले. बोलतात कमी, ऐकतात जास्त. पहिलाच प्रश्न — "इमारतीचा ताबा कधी मिळाला?"

म्हटलं, येत्या एकवीस मार्चला दहा वर्षं होतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि बिल्डर एप्रिलमध्ये माणसं पाठवतो म्हणाला?"

मग कळलं. बांधकामातल्या दोषासाठी दावा लावायला मुदत असते. ताबा मिळाल्यापासून दहा वर्षं. त्यानंतर छत डोक्यावर आलं तरी कोर्ट म्हणणार, उशीर झाला. भेगा बुजवत राहिला म्हणून ती मुदत थांबत नाही. म्हणजे वर्षभर हा माणूस भिंत दुरुस्त करत नव्हता, मला झुलवत होता! आणि मी त्याच्या माणसांना चहा करून देत होते!

"नकाशे कुणी काढले?" वकीलबाईंनी विचारलं.

"दादाने. माझ्या सख्ख्या भावाने."

"मग त्यांच्यावरही दावा लावावा लागेल."

म्हटलं, शक्य नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकट्या बिल्डरला आणलंत तर तो म्हणेल, मी नकाशाप्रमाणे बांधलं, पायाच नकाशात चुकलाय. उत्तर द्यायला नकाशावाला समोर नसेल. आणि नंतर भावाला आणायला जाल, तोवर मुदत गेलेली असेल."

१७ फेब्रुवारी

दादावर नाही. नाही म्हणजे नाही. त्या खोलीच्या खिडक्या त्याने मुलांच्या उंचीवर घेतल्या होत्या. मोठ्यांना वाकावं लागलं तर लागू दे, म्हणाला होता.

२० फेब्रुवारी

दादाकडे गेले. परस्पर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

"पाया मी बरोबर दिलाय," तो म्हणाला.

"मग तेच कोर्टात सांग."

"कोर्टात? सख्खी बहीण मला कोर्टात उभं करणार?"

वहिनी स्वयंपाकघरातून तणतणत आली. "एका खोलीपायी यांचं नाव मातीत घालणार तुम्ही!"

"खोलीपायी नाही वहिनी. त्या छताखाली दुसऱ्यांची मुलं झोपायची."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी निघाले तेव्हा दारापर्यंतही आला नाही.

गाडीत बसून रडून घेतलं. झालं. आता पुरे.

१४ मार्च

हसऱ्या दारात! वकीलबाईंची नोटीस पोचली असणार. हातात फुलांचा गुच्छ. "कोर्टबिर्ट कशाला ताई, घरचीच माणसं आपण. थोडं थांबा फक्त."

म्हटलं, "किती थांबू? एकवीस तारीख उलटेपर्यंत?"

हसू गेलं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले नाहीत! गुच्छ परत दिला.

१८ मार्च

दावा दाखल केला. मुदतीच्या आत. दोघांवर. दादाचं नाव असलेल्या पानावर सही करताना हात अडखळेल असं वाटलं होतं. नाही अडखळला. त्याचंच वाईट वाटलं.

१९ मार्च

आईचा फोन. "मी आता कुणाच्या बाजूने बोलू?"

"कुणाच्याच नको. भिंतीच्या बाजूने बोल."

आई हसली. मग फोनवरच नाक ओढत बसली.

२ जून

हसऱ्याचं उत्तर कोर्टात आलं. वकीलबाई म्हणाल्या होत्या तसंच, अगदी त्याच शब्दांत — आम्ही नकाशाबरहुकूम बांधलं, पाया नकाशातच उथळ आहे. हात झटकून मोकळा!

२७ जून

दादाच्या वकिलाचंही उत्तर आलं. डोकं सुन्न झालंय. त्याचं म्हणणं — बिल्डरची मुदत ताब्यापासून मोजा, पण नकाशा काढणाऱ्याचं काम नकाशे हाती दिले त्याच दिवशी संपतं. तेव्हापासून मोजलं तर माझा दावा लागायच्या आधीच मुदत संपलेली. कोर्टाने हे मानलं तर दादा सुटला.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कोर्ट ताब्यापासूनच धरेल असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या बाजूनेही आधीचे निकाल आहेत. फार अवघड आहे."

दादा सुटला की हसऱ्या सगळं त्याच्यावर ढकलणार आणि स्वतःही सुटणार. दोघंही घरी. भिंत माझ्याकडे.

रात्रीपर्यंत वहिनीचा फोन आलाच. "सुटले बाई हे! आता तुम्हीही सोडा."

नाही सोडणार! ऐकू आलं का? नाही!

३० जून

वकीलबाईंशी भांडले. मुदत म्हणे! भिंतीला कळते का मुदत? त्या म्हणाल्या, "कायदा खुळा नाही. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात. एकदा घर बांधलं म्हणून कुणाला जन्मभर टांगून ठेवायचं?"

त्यांचंही खरं आहे. पण मी म्हटलं, "मला सांगितलंत तसं त्या छतालाही सांगा, पडायचं तर दहा वर्षांच्या आत पड."

पहिल्यांदाच त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "हरलो तरी तुमची केस मला आवडली."

हरलो तरी! मी हरायला नाही आले.

१५ जुलै

पाळणाघर तात्पुरतं मावशींच्या बहिणीकडे हलवलं. उरलेली मुलं, उरलेल्या गाद्या. जुळी आली आहेत. त्यांची आई दारात म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्यापासून काही लपवलं नाहीत, म्हणून आले."

आजचा दिवस एवढ्यावर निघाला.

८ सप्टेंबर

उद्या मुदतीवर सुनावणी. वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही आला नाहीत तरी चालेल. पण जाणार, आणि पहिल्या बाकावर बसणार.

९ सप्टेंबर

दादाचा वकील बोलायला उठला. दादाने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

"मुदतीचा मुद्दा मला घ्यायचा नाही. पाया खणून बघा. चूक माझी निघाली तर माझ्या नावावर लिहा."

न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा विचारलं, काय सोडताय ते कळतंय ना? "कळतंय," म्हणाला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही त्याने. हसऱ्याचा वकील घाईघाईने कागद उलटेपालटे करायला लागला.

पाया खणायचा हुकूम झाला. जे मागत होते ते मिळालं — आणि आज पहिल्यांदा मला भीती वाटतेय, खाली काय निघेल याची.