नारिंगी बोये आणि आमचा ठराव

तीर्थरूप वेइकोदादास,

धाकट्या बहिणीचा, इर्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? थंडर बेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे, की अजून खिडकीत बसून शेजाऱ्यांच्याच चालण्यावर लक्ष ठेवतोस? इकडे आम्ही सुखरूप आहोत. ऑर्विलही सुखरूप आहे, आणि हे वेगळं का लिहिते आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

आमचा ठराव तुला आठवत असेल. (न आठवून कसं चालेल? तूच तर त्याला हसला होतास.) तळ्याच्या रहिवासी संघाने, म्हणजे अध्यक्ष या नात्याने बहुतेक मीच, ठरवलं की पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी आमच्या बाजूला उतरू नये. मार्लिन फिडलर पलीकडच्या मासेमारीच्या छावणीवर आपल्या विमानातून गिऱ्हाइकं पोचवायची आणि रोज सकाळी आमच्या कॉफीच्या कपात लाटा उठवायची. तू फोनवर म्हणालास, "इर्ये, पाण्यावर विमान कुठे उतरायचं ते ओटावातलं केंद्र सरकार ठरवतं. तुमच्या संघाचा अधिकार सभेतल्या वेलदोड्याच्या पावापुरता." मला ते असं झोंबलं म्हणून सांगू! फोन आपटला, ऑर्विलकडून काठावर भलीमोठी पाटी रंगवून घेतली, "विमानांस मनाई", आणि नारिंगी रंगाचे तरंगते बोये पाण्यात ओळीने नांगरून टाकले. मार्लिन बोयांच्या बाजूने खुशाल उतरत राहिली. एकदा धक्क्यावर भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, पाटीवरचं अक्षर झकास आहे हं. वरूनसुद्धा वाचता येतं." (आपले आजोबा फिनलंडहून निघायच्याही आधी तिचे पणजोबा याच तळ्यात जाळी टाकत होते. हे तिने बोलून दाखवलं नाही, ही तिची सभ्यता.)

गेल्या शनिवारी सभा होती आणि रिवाजाप्रमाणे सभेआधी सगळ्यांचं सौनाच्या कढत वाफेत बसणं. ऑर्विल जन्माने आपल्या फिनिश लोकांतला नाही, माझ्याशी लग्न केल्याने आहे, त्यामुळे बिचाऱ्याला दरवेळी ते सिद्ध करावं लागतं. बाकीचे बाहेर पडले तरी हा आपला वरच्या बाकावर, "घाला आणखी पाणी तापल्या दगडांवर!" मग धावत जाऊन तळ्यात उडी. वर आला तो छाती धरून, ओठ निळे. आमच्याकडे येणाऱ्या रस्त्यावरचा पूल वसंतातल्या पुरात गेलेला, रुग्णवाहिका येणार कुठून? आमचे उपाध्यक्ष गुस्ताव यांनी छावणीला फोन केला, छावणीने बिनतारी यंत्रावरून मार्लिनला आकाशातच गाठलं. मी ऑर्विलचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर ती पाटी. दादा, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

वारा अजिबात नव्हता. पाणी नुकत्याच पुसलेल्या काचेसारखं. मला वाटलं, बरं झालं. पण वैमानिकाला तेच सगळ्यात वाईट असतं म्हणे. पाण्यात ढगच दिसतात, आणि पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते वरून उमगत नाही. मार्लिनने एक घिरटी घातली, दुसरी घातली, आणि मग आमच्या बोयांच्या ओळीला धरून अलगद उतरली. ठरावाला हात वर करणारे सगळे सभासद टॉवेल गुंडाळून धक्क्यावर पुन्हा हात वर करून उभे होते. (एकाने दोन्ही हात वर केले आणि टॉवेल गेला. इतिवृत्तात नोंद नाही.)

"काकू, हे गोळे नसते तर पाणी कुठे ते कळलं नसतं, मला परत फिरावं लागलं असतं," ऑर्विलला आणि मला विमानात चढवून घेत ती म्हणाली. "आता कुणीतरी बोट पळवा! पाणी असं गुळगुळीत असलं की विमानाला सोडत नाही, लाटा हव्यात!"

लाटांनी काठ खचतो म्हणून दर सभेत भाषण ठोकणारे गुस्ताव टॉवेलावरच मोटारबोटीत चढले आणि गोल गोल सुटले. त्या लाटांवरून विमान हवेत उचललं गेलं. मी ऑर्विलचा हात घट्ट धरून खाली पाहिलं. पाटी खरंच वाचता येते रे वरून.

इस्पितळात म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत. मी देवाचे आभार मानले, मार्लिनला मिठी मारून रडले, गुस्तावच्या बोटीलासुद्धा हात जोडले. आता तुझे आभार मानते. तू हसला नसतास तर मी इरेला पेटून ते बोये टाकलेच नसते.

तुझी ऋणी बहीण,
इर्या

ता. क. पाटी काढायला ऑर्विल तयार नाही. आयुष्यातलं सर्वांत सुबक काम म्हणतो. "मनाई"वर रंग फासून तिथे "स्वागत" लिहून दिलंय.

ता. क. आता खरं काम. काल सरकारी बोटीतून एक अधिकारी आला होता. विमानांना अडवायचा अधिकार आम्हाला नाही हे तू सांगितलंस, पण बोये टाकायचाही नाही, हे का नाही सांगितलंस? परवानगी काढा, नाहीतर उचला, म्हणतो. तुझी हयात कोर्टात गेली, तेव्हा अर्ज तूच लिही. अर्जदार आमचा संघ. कारण, विमानांना उतरणं सोपं व्हावं. हसू नकोस.

ता. क. पूल अजून नाही, तेव्हा अर्ज घेऊन मार्लिनच्याच विमानाने ये. सौना तापवून ठेवते. ऑर्विल खालच्या बाकावर बसेल. तसा ठराव मी केला आहे, आणि तो अधिकार ओटावाकडे नाही.