माझ्या घराचा वाटा

शुक्रवार, ११ जुलै २०२५. दुपारी १.४०

आज, आत्ता, या वेळी माझ्यावर अन्याय झाला आहे. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. विमा कंपनीच्या तक्रार विभागात आयुष्य गेलं. वेळ नसलेली तक्रार मी स्वतः केराच्या टोपलीत टाकत असे.

आमच्या गल्लीची आज त्र्यंबोलीची जत्रा. आषाढात इथली प्रत्येक गल्ली आपला एक दिवस ठरवते. नदीचं नवं पाणी कळशांतून वाजतगाजत टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या देवळात, नेतात. वाजवतात ते ‘पी ढबाक’, म्हणजे एक पिपाणी आणि एक ढोल, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. मग तालमीच्या दारात बकरं, आणि त्याचे वाटे. प्रत्येक घराला एक. डॉक्टर असो, रिक्षावाला असो, भाडेकरू असो.

मी सकाळीच कांदा-खोबरं भाजून वाटण तयार ठेवलं. आठ वाजल्यापासून बरी साडी नेसून बसले. तालमीचा अध्यक्ष जोतीराम माझ्या फाटकावरून तीनदा गेला. तिन्ही वेळा मी नजरेनं संमती दिली.

आत्ता गल्लीतल्या सगळ्या घरांत कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत. माझा कुकर गप्प आहे.

वाटण फ्रीजमध्ये ठेवलं. ब्रेड-जॅम खाल्ला.

त्यातच भर. फाटकाला कुणीतरी निळी कापडी पिशवी अडकवून गेलं होतं. आत कुंकू लावलेला नारळ आणि गूळ. एकट्या बाईला घाबरवायचे हे धंदे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, असल्या करणीबिरणीला भीक घालत नाही. छत्रीच्या टोकानं उचलून कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये फेकून दिली. नंतर हात दोनदा धुतले. केवळ स्वच्छता म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

मोहितचा फोन. सहा महिने इथे नोकरी केली, मला ठाण्याहून सोबत आणलं, आणि मार्चमध्ये बदली होऊन पुण्याला गेला. मी नाही गेले. मी सामान नाही. शिवाय त्याच्या फ्लॅटमध्ये मला ठेवलेली खोली म्हणजे सूनबाईंच्या ट्रेडमिलची खोली. पलंग ट्रेडमिलच्या बाजूला. मी पाहिलाय.

त्याचा रोजचा प्रश्न, आई, तुला तिथे कुणी विचारतं का गं? मी म्हटलं, विचारतं म्हणजे काय, पहिला वाटा माझ्याकडे आला. मटण कोवळं होतं. मीठ किंचित जास्त पडलं, ते माझ्याच हातून.

त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. म्हणाला, मग ठीक आहे. मी शनिवारी सव्वीसला येतो, त्या लोकांना भेटून आभार मानतो, आणि तुझ्या घराचा करार वाढवायचा का ते तिथेच ठरवू.

ठीक आहे. पंधरा दिवसांत एक गल्ली जिंकणं मला अवघड नाही.

शनिवार, १२ जुलै. सकाळी १०

तालमीत जाऊन चौकशी केली. शांतपणे. आवाज चढला तो फक्त ढोलवाल्यापर्यंत पोचावा म्हणून.

जोतीराम म्हणाला, म्याडम, भांडं कुठं हुतं तुमचं? मी म्हटलं, माझी भांडी माझ्या स्वयंपाकघरात असतात. तो म्हणाला, मग वाटा कशात टाकायचा, वंजळीत?

तर प्रकार असा आहे. जत्रेच्या सकाळी प्रत्येक घर आपलं नाव घातलेलं भांडं तालमीच्या पायरीवर रांगेत नेऊन ठेवतं. वाटा भांड्यात पडतो, माणसाच्या हातात नाही. मी विचारलं, ही सूचना लेखी कधी काढली? तो म्हणाला, लेखी? आमच्या आज्ज्यापास्नं हाय, म्याडम. त्यांस्नी लिवता येत न्हवतं.

मग म्हणाला, तुमचं भांडं दिसंना म्हणून मी आक्कास्नी इचारलं, तर त्या म्हणाल्या... मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. आक्का म्हणजे माझी शेजारीण. माझ्या घराबद्दल शेजाऱ्यांना विचारणं हा दुसरा अन्याय. नोंद केली.

शिवाय मे महिन्यात वर्गणी देताना मी याच माणसाला स्पष्ट सांगितलं होतं, की मी सार्वजनिक ठिकाणचं काही खात नाही. म्हणजे माझ्याकडे स्वच्छतेची अपेक्षा आहे हे त्याला पूर्ण माहीत होतं.

रविवार, १३ जुलै

संताप वाढवणारी माहिती. आक्का जैन. कांदासुद्धा मोजून-मापून. तरी तिचं पितळी भांडं रांगेत होतं! मटण न खाणाऱ्या घरांना ‘गोड वाटा’ मिळतो म्हणे. म्हणजे जी मटण खात नाही तिला वाटा, आणि ठाण्यात जिचा एक रविवार मटणाशिवाय गेला नाही तिला ब्रेड-जॅम.

संकल्प: आक्काशी बोलणं बंद. ती सकाळी कठड्यावरून म्हणाली, काय वो म्याडम, आवडलं न्हवं? मी आत निघून गेले. काय आवडलं? अपमान?

मंगळवार, १५ जुलै. दुपारी ३

नवी योजना. गल्लीनं मला दिलं नाही, मी गल्लीला देईन. पांढरा रस्सा करून घरोघर वाटी पाठवायची. सव्वीसला मोहित आला की लोक आपणहून माझे गुण गातील.

मटण आणलं. तीळ, खसखस, काजू वाटले. मोबाइलवरची बाई म्हणाली, नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ देऊ नका. हे ती उकळी आल्यावर म्हणाली.

रस्सा फाटला. वर पाणी, खाली चुना. संध्याकाळी पाच मिनिटं विचार केला, की ही वेगळी पद्धत आहे असं सांगावं का. मग ओतून दिला.

मोहितला सांगितलं, रस्सा घरोघर गेला. तो म्हणाला, आई, तू तर तिथली राणी झालीस.

बुधवार, १६ जुलै

झोप नीट नाही. डोळे मिटले की ट्रेडमिल दिसते.

गुरुवार, १७ जुलै

मार्ग सापडला. मागच्या गल्लीची जत्रा उद्या. तिथे मला कुणी ओळखत नाही. म्हणजे माझ्याबद्दल गैरसमजही नाहीत. मला फक्त एक वाटा हवा. डब्यात घालून फ्रीझरला ठेवीन, सव्वीसला मोहितसमोर शिजवीन (श्रावण आम्ही पाळत नाही) आणि म्हणेन, हा बघ, गल्लीचा. गल्ली कुठली ते तो विचारणार नाही.

ही फसवणूक नव्हे. वाटा एका देवीचाच आहे.

शुक्रवार, १८ जुलै. सकाळी ६.५०

भांडं ठेवून आले. रांगेत सगळी स्टीलची आणि जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली, नावं कोरलेली. माझं काचेचं, लाल झाकणाचं, ओव्हनमध्ये चालणारं. मधोमध. फार उठून दिसत होतं. चांगल्या वस्तू दिसतातच.

त्याच दिवशी, सकाळी ११.१५

माइक. मला कल्पना नव्हती की त्यांच्याकडे माइक आहे.

लाल झाकणाचं काचंचं भांडं कुनाचं हाय? आपल्या गल्लीतलं न्हाय! थोड्या वेळानं पुन्हा, काचंचं भांडं! फुटलं तर आमी जबाबदार न्हाय! मग आवाज मऊ करून, पावणं असतील तर लाजू नका, म्होरं या!

मी पडदे ओढले. पंखा पाचवर केला. तरी ऐकू येत होतं. दोन्ही गल्ल्यांना ऐकू येत होतं.

दुपारी १२

जोतीराम भांडं घेऊन आला. दोन्ही हातांवर धरून, संपूर्ण गल्लीतून, वरातीसारखा. भांडं रिकामं. म्हणाला, म्याडम, असलं भांडं आख्ख्या पेठंत एकाच घरात असनार, म्हनून मीच हात वर केला. उपाशी हाय म्हनून सांगायचं की, आमी काय मेलोय का?

दार लावून घेतलं. रडले नाही. कांदा चिरत होते. आज कांद्याचं काही केलं नाही, पण चिरला.

शनिवार, १९ जुलै. रात्री ८.३०

सगळं क्रमानं लिहिते.

सात वाजता आक्का आली. बेल न वाजवता, सरळ आत. म्हणाली, काय वो म्याडम, माझा वाटा ग्वाड लागला न्हाय व्हय, म्हनून दुसऱ्या गल्लीत भांडं ठिवून आलासा? मी म्हटलं, कुठला वाटा? ती म्हणाली, नारळ-गूळ! तुमी भाइरचं काय खात न्हाय म्हनून जोतीरामाला सांगितलासा, मला वाटलं आमच्यागत हाईसा. त्या दिवशी तुमच्या नावानं माझं दुसरं भांडं ठिवलं, गोड वाटा घेतला, पिशवीत घालून फाटकाला अडकिवला. दुपारची बेल वाजवू नका म्हनून पाटी लावलीया न्हवं तुमी!

पाटी आहे. इंग्रजीतही आहे.

मग म्हणाली, नारळाचं ऱ्हाऊ दे, पिशवी तेवढी द्या. आमच्या नातीच्या, अवनीच्या चित्रकलेची हाय, रोज रडती.

मी म्हटलं, धुवायला टाकलीय.

ती गेल्यावर मोकळ्या प्लॉटमध्ये गेले. पाऊस भुरभुरत होता. गवत गुडघ्याएवढं. छत्रीनं गवत बाजूला सारत होते, तेवढ्यात जोतीराम आला. काय शोधतासा? मी म्हटलं, कानातलं पडलंय.

चूक एवढीच, की ‘सोन्याचं’ असं म्हटलं.

दहा मिनिटांत आख्खी गल्ली प्लॉटमध्ये. बायका, पोरं, बॅटऱ्या. काल ज्यानं माइक धरला होता तोसुद्धा मागच्या गल्लीतून आला. कुणी म्हणे, पायांनी चाचपा, कुणी म्हणे, गवत उपटा. मी नको नको म्हणत होते. आयुष्यात माझ्यासाठी इतकी माणसं एकदम वाकलेली मी पाहिली नव्हती.

मग आक्कानं माझ्या तोंडावर बॅटरी मारली. म्हणाली, आवं, दोन्ही कानांत हायती की!

आणि त्याच क्षणी पलीकडून जोतीराम ओरडला, घावलं! हातात निळी पिशवी. गूळ मुंग्यांनी नेलेला. नारळ तसाच, कुंकवासकट.

सगळ्या बॅटऱ्या पिशवीवरून माझ्या तोंडावर आल्या.

आक्कानं पिशवी झटकली, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, फोडा आता घरी जाऊन. आणि हसली. मग सगळेच हसले. मी हसले नाही. पिशवीवर प्रेषकाचं नाव नव्हतं, हा दोष माझा नाही.

नारळ फोडला. गोड निघाला. अर्धा आक्काकडे दिला. म्हणजे कठड्यावर ठेवून आले.

रविवार, २० जुलै

मोहितला फोन लावला. सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. पावसाबद्दल बोललो.

तो म्हणाला, आई, करार ऑगस्टपासून अकरा महिन्यांचा ना? मी कॅलेंडर काढलं. तो करार पुढच्या जूनअखेर संपतो. पुढच्या वर्षी अधिक महिना. आषाढ लागतो जुलैच्या मध्यावर.

म्हणजे पुढच्या वाट्याच्या वेळी मी या गल्लीत नाही.

सोमवार, २१ जुलै. दुपारी ४

सकाळी भांड्यांच्या दुकानातून स्टीलचं पातेलं आणलं, झाकणासह. दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू? ‘श्रीमती अरुणा दिघे’ म्हटलं. तो म्हणाला, गल्लीत काय म्हनत्यात? सांगितलं. दोन्ही घातली.

वाटेत जोतीरामला विचारलं, पुढच्या वर्षी हे ठेवलं तर चालेल का. म्हणाला, ठेवा की म्याडम, कोन न्हाय म्हनतंय? ‘की’वर मी घराचा करार करू शकत नाही. म्हणून खालील पत्र. उद्या स्वतः नेऊन देईन.

प्रति, अध्यक्ष, तालीम.

दि. ११ जुलै रोजी दु. १.४० वाजता माझ्या घराचा मटणाचा वाटा चुकला. त्यामागच्या कारणांत शिरण्याची माझी इच्छा नाही. आपणही शिरू नये. पुढील वर्षी माझं भांडं रांगेत कुणाच्या शेजारी ठेवायचं, हे कृपया कळवावं. आक्कांच्या शेजारी असल्यास हरकत नाही. माझा मुलगा सव्वीसला येत आहे आणि त्याला काहीतरी दाखवावं लागेल. करार दोन वर्षांचा करायचा की सामान बांधायचं, हे आपल्या उत्तरावर आहे.

शुक्रवारपासून श्रावण, म्हणजे यंदाच्या जत्रा संपल्या. तेव्हा उत्तर गुरुवार, २४ जुलै, सायंकाळी पाचच्या आत मिळावं. लेखी. एक ओळ चालेल. शाई कुठलीही.

दुपारी आलात तरी बेल वाजवा. पाटी काढली आहे.