चिमटलेल्या टोप्या

२३ ऑगस्ट १९९४

आज पुन्हा कॉफी सांडली. ऑर्विलने नाही — मी! त्याच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत बसले आणि माझाच कप कलंडला. म्हणतो कसा, "बरं झालं लिओटा, आता घरात दोघं झालो." मेला! आधी हसवतो, मग मला आत जाऊन डोळे पुसावे लागतात.

संध्याकाळी मागच्या कुरणात सराव. ८ ऑक्टोबरला हॅकबेरी क्रीक क्लबची स्पर्धा, त्याची तिसावी. तीस वर्षं एकही फेरी अपुरी न सोडणाऱ्याचं नाव क्लबातल्या अक्रोडाच्या पाटीवर कोरतात. आजवर चारच नावं आहेत. पाचवं ऑर्विल ट्रस्कॉट व्हायचं आहे. त्याच्यापेक्षा मलाच घाई!

पण नियम कडक. जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर, आणि ते आपलं आपणच भरायचं. दुसऱ्याचा हात बंदुकीला लागला की बाद. काळी दारू आणि शिशाच्या गोळ्या तो अजून भरतो, कोपर टेबलाला टेकवून. अडतं ते टोपीपाशी. मसुराएवढी तांब्याची वाटी, ती गोळ्यांच्या चक्राच्या मागे प्रत्येक घराच्या खुंटीवर बसवायची. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी, नाहीतर नुसतंच टक्. आज पाचातल्या चार गवतात गेल्या. मी वाकून शोधायला लागले तर म्हणाला, "राहू दे. कोंबड्या खातील आणि अंडी फुटतील." मी हसले नाही.

२७ ऑगस्ट

सकाळपासून गॅरेजात कानस चालू आहे. जुन्या दाराच्या पितळी पट्टीचं काहीतरी करतोय. विचारलं तर, "तुला काय करायचंय?"

६ सप्टेंबर

अजून कानस. अंगठ्याला चिंधी. दार लावून घेतो आता!

११ सप्टेंबर

आज दाखवलं. कॅपर! बोटभर लांबीची पितळी पट्टी. आत खाच, खाचेत टोप्यांची रांग, मागून स्प्रिंग त्यांना पुढे रेटते. तोंडाशी एकच टोपी उभी राहते. ते तोंड खुंटीवर नेऊन दाबायचं, बाजूला ओढायचं — टोपी खुंटीवर! मग चक्र फिरवायचं, पुढची. शेवटी लाकडी काडीने एकेक टोपी दाबून घट्ट करायची.

विकत मिळतात असले कॅपर. पण विकतचे त्याच्या हातात राहत नाहीत, फार बारीक पडतात. याने आपल्या मुठीला बसेल असा केला आहे. कडेला एक टेकू काढलाय, तो बंदुकीच्या अंगाला टेकला की हात कितीही हलो, तोंड हलत नाही. हे त्याला सुचलं कसं! चमचा धरता येत नाही त्या माणसाने केसभर मापाची खाच कोरली. चारदा बिघडली म्हणे, पाचव्यांदा जमली.

पाचच्या पाच बसल्या. सहावं घर नेहमीसारखं रिकामं, घोड्याखाली, चुकून बार उडू नये म्हणून. पाचही गोळ्या उडाल्या. धुरात उभा होता आणि तोंडभर हसत होता. एकेचाळीस वर्षं संसार केला, हा माणूस मला अजून पुरता कळलेला नाही.

काहीतरी खुंट्याही नव्या घातल्याचं सांगत होता. मी बीन्स निवडत होते, अर्ध्या कानाने ऐकलं.

२४ सप्टेंबर

डेल्बर्ट आला होता. क्लबात नेमबाजांच्या रांगेवर देखरेख त्याची, आवाज तसाच, खोलीतही मैदानावर असल्यासारखा. कॅपर हातात घेऊन उलटासुलटा केला. "चालेल का रे?" ऑर्विलने विचारलं. जीव टांगणीला माझा!

डेल्बर्ट म्हणाला, "नियमात हात म्हटलंय. हात तुझाच ना?"

"बायकोचा आहे. माझा दुरुस्तीला दिलाय."

दोघं ठो ठो हसले. मग डेल्बर्टने मक्याच्या पावाचे चार तुकडे खाल्ले आणि जाता जाता मला हळूच म्हणाला, "असली वस्तू मी जन्मात पाहिली नाही, वहिनी. त्याला सांगू नका, डोक्यात जाईल." मी लगेच सांगितलं. जाऊ दे की डोक्यात!

७ ऑक्टोबर

उद्या! ऑर्विल म्हणाला, "कॅपर तू भरून ठेव. टोप्या आत सोडायलाच मला तास लागतो." बंदुकीला हात लावायचा नाही, कॅपरबद्दल नियमात काही नाही. मला केवढा आनंद झाला!

दुपारी तो झोपला तेव्हा बसले. हा आयुष्यभर प्रत्येक टोपी बसवण्याआधी चिमटीत धरून जराशी चेपत आला — गोल टोपी खुंटीवर सैल बसते, धक्क्याने पडते. शेकडो वेळा पाहिलंय. हल्ली चेपत नाही. मला वाटलं, बोटांनी जमत नाही म्हणून. मग मीच एकेक चिमटली. डबीतल्या उरलेल्याही! कॅपरमध्ये जरा रेटून बसवाव्या लागल्या. बोटं दुखतायत, पण उद्या एकही पडायची नाही. त्याला सांगितलं नाही. एवढं तरी माझं असू दे.

८ ऑक्टोबर

कसं लिहू.

हवा छान, मॅपल लालभडक, सगळे आले होते. ऑर्विलने टेबलावर पाच घरं भरली, रांगेत उभा राहिला. टोप्या रांगेत उभं राहूनच बसवायच्या, नळी निशाण्याकडे ठेवून. फेरीला वेळ दहा मिनिटं. डेल्बर्टचा भोंगा वाजला. ऑर्विलने गळ्यातला कॅपर धरला, टेकवला, ओढला — काही नाही. पुन्हा. टोपी तोंडाशी आडवी अडकलेली. त्याने कॅपर झटकला. प्रेक्षकांच्या दोराच्या अलीकडून मला काहीच कळेना. बाकीच्यांचे बार सुरू झाले होते.

मग त्याने बंदूक फळीवर ठेवली, टोप्या तळहातावर ओतल्या आणि बघितल्या. एकदाच. मागे वळला नाही. लाकडी काडी काढली आणि तिच्या टोकावर एकेक टोपी चढवून गोल करू लागला. त्या हातांनी! एक पडली, दुसरी घेतली. पुन्हा कॅपरमध्ये. पुन्हा टेकू लावला, ओढला — बसली. दुसरी. तिसरी. चौथी. बार थांबले होते, सगळे त्याच्याकडेच बघत होते. मग पाचवी मागे ठेवून त्याने बंदूक उचलली आणि चार गोळ्या. चारही काळ्या वर्तुळात!

पाचव्या टोपीशी बराच वेळ वाकून उभा राहिला. मग हात वर केला. "अडकली, डेल्बर्ट. झालं माझं."

भरलेलं घर तसंच ठेवता येत नाही. डेल्बर्टने स्वतःची टोपी लावून ती गोळी मातीच्या बांधात मारली. तो बार माझ्या छातीत लागला. फेरी अपुरी. पाटी गेली.

जेवताना डेल्बर्ट बोललाच, "अरे, कुठला शहाणा चिमटलेल्या टोप्या कॅपरमध्ये भरतो? त्यांना गोलच लागते! आणि नव्या खुंट्यांवर गोल टोपी घट्टच बसते, चिमटायची गरज काय?"

"मीच तो शहाणा," ऑर्विल म्हणाला. "हाताला जुनी सवय."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. मी गप्प बसले. गप्प बसले मी!

९ ऑक्टोबर

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले.

१२ ऑक्टोबर

सांगून टाकलं. पॅनकेक उलटता उलटता, पाठमोरी, कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. "टोप्या मी चिमटल्या. सगळ्या. तुझं तिसावं वर्ष मी घालवलं."

तो म्हणाला, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिली अडकली तेव्हापासून. या घरात दुसरं कोण चिमटणार? मांजर?"

"मग स्वतःवर का घेतलंस?"

"एकेचाळीस वर्षं तुझ्या हातचं खातोय. एक दिवस तुझी चूक खाल्ली."

पॅनकेक करपला. दोघांनी तो तसाच खाल्ला. असा माणूस! पण पाटीवर नाव नाही ते नाहीच. ते माझ्यामुळे. तो कितीही हसला तरी मला ते जन्मभर पुरेल.

१६ ऑक्टोबर

स्पर्धेचं जाकीट धुवायला काढलं. खिशात पाचवी टोपी. गोल. काडीवर चढवून गोल केलेली, कुठे वाकडी नाही.

त्याच्यापुढे धरली. म्हणाला, "तीन मिनिटं शिल्लक होती, लिओटा. पण चौथी लागली ती नशिबाने, नळी कुठे चाललीय ते माझं मलाच कळेना. शेजारी माणसं उभी होती. पाचवी अडकली म्हणालो. तू चिमटल्या नसत्यास तर सगळ्यांसमोर मला काय सांगता आलं असतं?"

कॅपर त्याने डेल्बर्टला देऊन टाकलाय. म्हणे, त्याचीही बोटं हल्ली आखडतात.