माणूस नसलेले फोटो

शॉमबर्ग, अमेरिका, रविवार

अहो, नमस्कार.

मी ठणठणीत आहे. काल शंतनू आणि सूनबाईंनी हौसेनं फोटोंच्या प्रदर्शनाला नेलं. ऑस्ट्रेलियातली रिकामी घरं, जपानमधल्या ओसाड गल्ल्या. माणूस औषधालासुद्धा नाही! सूनबाई म्हणते, "आई, जे गेलं त्याची ती मेमरी आहे." डोंबलाची मेमरी! पाय दुखले नुसते.

आणि तुम्ही तरी काय वेगळं करता? रोज जास्वंद, फाटक, घासलेली भांडी यांचे फोटो पाठवता. स्वतःचा एकही नाही. व्हिडिओ कॉल केला की कॅमेरा छताकडे. वाळलात का? गोळ्या घेता ना?

उद्या शेजारच्या वीणाला फोटो काढायला सांगा आणि फाटकात स्वतः उभे राहा. घर मला पाठ आहे हो.

तुमचीच,
नीलांबरी